परतीचे दोर

'फ्री सोलो' या माहितीपटातला सर्वांत लक्षात राहणारा माणूस कड्यावर नाहीच. तो खाली, झाडांच्या कडेला, ट्रायपॉडवर लांब भिंगाचा कॅमेरा लावून उभा आहे. भिंगात कड्यावरचा एक लाल ठिपका दिसतो आहे. ऐन मोक्याची जागा येते आणि हा माणूस कॅमेरा चालू ठेवून पाठ फिरवतो. पुन्हा चोरून बघतो, पुन्हा मान वळवतो. त्याचं नाव मायकी शेफर. स्वतः मुरलेला क्लाइंबर, कड्यांवर आयुष्य काढलेला. थिएटरात तळहाताला घाम फुटलेल्या प्रेक्षकाला त्या क्षणी आपला प्रतिनिधी सापडतो.

तो लाल ठिपका म्हणजे लाल टी-शर्ट घातलेला अॅलेक्स होनोल्ड. तारीख ३ जून २०१७, जागा अमेरिकेच्या कॅलिफोर्नियातलं योसेमिटी खोरं, आणि कडा एल कॅपिटान. पायथ्यापासून माथ्यापर्यंत सुमारे ३००० फुटांचा, म्हणजे नऊशे मीटरहून जास्त उंचीचा हा ग्रॅनाइटचा सलग कातळ बुर्ज खलिफाच्या शेजारी ठेवला तर बुर्जच बुटका दिसेल. होनोल्डने पहाटे ५ वाजून ३२ मिनिटांनी पहिला हात टाकला आणि ९ वाजून २८ मिनिटांनी तो माथ्यावर उभा होता. ३ तास ५६ मिनिटं. अंगावर कपडे, पायात घट्ट रबरी बूट, कमरेला चॉकची पिशवी. दोर नाही, हार्नेस नाही, खाली जाळी नाही.

याच कड्यावर तयारीच्या क्लाइंबर जोडीला साधारण तीन ते चार दिवस लागतात. ती मंडळी पाणी, शिधा, झोपायच्या पिशव्या असं बिऱ्हाड दोराने ओढत नेतात, रात्री कड्यावर टांगलेल्या घडीच्या खाटेवर झोपतात, आणि स्वतःची विष्ठासुद्धा बंद नळकांड्यात भरून सोबत बाळगतात. होनोल्ड मात्र नाश्ता करून निघाला आणि दुपारच्या जेवणाआधी मोकळा झाला.

इथे शब्दांचा एक गोंधळ आधी सोडवायला हवा. 'फ्री क्लाइंबिंग' म्हटलं की बहुतेकांना बिनदोराची चढाई वाटते. तसं नाही. फ्री चढाईत दोर असतोच, पण तो फक्त पडलात तर झेलण्यासाठी. वर सरकायचं ते कातळाला हात-पाय लावूनच, दोर किंवा खिळा धरून नाही. खिळे ठोकून, त्यांना शिडीसारखे पट्टे अडकवून त्यावर उभं राहत वर जायचं, ती 'एड' चढाई. आणि फ्री सोलो म्हणजे झेलणारा दोरही नाही. चुकीची किंमत ताबडतोब आणि एकदाच मोजायची.

एल कॅपिटानचा इतिहास म्हणजे साधनं एकेक करून गळत गेल्याचा इतिहास आहे. १९५८ मध्ये वॉरन हार्डिंगच्या तुकडीने 'नोज' या मार्गाने हा कडा पहिल्यांदा सर केला, तेव्हा सुमारे दीड वर्षात मिळून ४०हून अधिक दिवस कड्यावर घालवले होते. एका ठिकाणी भेगा इतक्या रुंद निघाल्या की त्यांत बसेल असा पिटॉन, म्हणजे ठोकायचा खिळा, बाजारातच नव्हता. मग जुन्या शेगडीचे पाय कापून आणले आणि तेच भेगेत ठोकले. तो भाग आजही 'स्टोव्हलेग्ज' म्हणूनच ओळखला जातो. १९६१ मध्ये रॉयल रॉबिन्स, टॉम फ्रॉस्ट आणि चक प्रॅट यांनी 'सालाथे वॉल' चढली. १९९३ मध्ये लिन हिल हिने नोज फ्री चढून दाखवला. पुरुषांना न जमलेली ती गोष्ट होती, आणि पुढच्याच वर्षी तिने तीच चढाई २४ तासांच्या आत केली. १९९८ मध्ये जर्मनीच्या ह्यूबर बंधूंनी सालाथेच्या आजूबाजूने तुलनेने सोपी फ्री वाट शोधली. तिचं नाव 'फ्रीरायडर'. सोपी ही आपली म्हणायची गोष्ट. अमेरिकन श्रेणीत तिचा दर्जा ५.१३ च्या आसपास आहे, आणि बहुतेक हौशी क्लाइंबर जन्मभर ५.११ च्या पुढे जात नाहीत. होनोल्डने निवडली ती हीच वाट.

मराठीत 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार आपण सहज वापरतो. त्यामागे सिंहगड आहे. १६७० च्या त्या रात्री तानाजी पडल्यावर मावळ्यांची पांगापांग होऊ लागली, तेव्हा सूर्याजीने कड्याचे दोर कापून टाकले, असं परंपरा सांगते. म्हणजे आपल्याकडे कापलेला दोर हा आवेशाचा विषय. मागे जाता येत नाही, म्हणून माणूस पुढे जातो. होनोल्डबद्दलही हाच समज पसरला आहे: दोर फेकून दिलेला, मरणाला न भिणारा वेडा वीर. पण माहितीपट नीट पाहिला तर त्यात दोरच दोर दिसतात. पडद्यावरचा बहुतेक वेळ होनोल्ड दोराला बांधलेलाच आहे. तो पडतो, लोंबकळतो, पुन्हा तीच जागा धरतो. बिनदोराचे चार तास हे दोरावर घालवलेल्या महिन्यांचं फळ आहे, आणि दिग्दर्शकांनी हे लपवलं नाही, हे या चित्रपटाचं सर्वांत मोठं शहाणपण.

तयारीचं स्वरूप शाळकरी आहे. होनोल्ड दोरावरून उतरतो, एकेक टप्पा घासून पाहतो, पकडी ब्रशने साफ करतो, सुटे दगड काढून टाकतो, आणि संध्याकाळी आपल्या व्हॅनमध्ये बसून वहीत लिहून काढतो: डावा हात कुठे, उजव्या पायाचा अंगठा कशावर, वजन कधी सरकवायचं. मग ते पाठ करतो. पाढे म्हणावेत तसं म्हणून दाखवतो. सगळ्या ३००० फुटांची अशी घोकंपट्टी लागत नाही. बराचसा भाग त्याच्या दृष्टीने हात-पाय चालवण्याचाच आहे. पण पाच-सहा जागा अशा आहेत जिथे अंदाजाने चालत नाही.

त्यातली सर्वांत कुप्रसिद्ध म्हणजे 'बोल्डर प्रॉब्लेम'. जमिनीपासून दोन हजार फुटांच्या आसपास, जवळजवळ गुळगुळीत भिंतीवरचा हा छोटासा तुकडा. इथे धरायला जे आहे त्याला पकड म्हणणं धाडसाचं. एक बारीकशी कड, ज्यावर बोटांची टोकं टेकतात. पायाला एक खळगा. पुढे एक उंचवटा, ज्यावर अंगठा खाली दाबून सारं शरीर तोलायचं. त्या एवढ्याशा जागेवर एका हाताचा अंगठा काढून दुसऱ्या हाताचा ठेवायचा, म्हणजे अंगठ्यांची अदलाबदल. मग डावीकडची उतरती, बेभरवशाची पकड. आणि शेवटी डावा पाय हवेत फेकून कोपऱ्याच्या पलीकडच्या भिंतीवर टेकवायचा. क्लाइंबर याला 'कराटे किक' म्हणतात. दुसरा पर्याय म्हणजे दोन्ही हात सोडून पुढच्या पकडीवर झेप घ्यायची. होनोल्डने दोन्हींचा विचार केला आणि लाथ निवडली. दोरावर तो इथून पडलेला आहे, एकदा नव्हे, अनेकदा. प्रेक्षक ते पडणं पाहतो, आणि मग दोर नसलेल्या दिवशी तोच कोपरा पुन्हा समोर येतो.

गंमत अशी की होनोल्डला त्याहून जास्त छळलं ते खालच्या, दिसायला सोप्या भागाने. 'फ्रीब्लास्ट' नावाच्या या उतरत्या पाटीवर धरायलाच काही नाही. बुटाचा रबर कातळावर चिकटून राहील, एवढ्याच भरवशावर उभं राहायचं. बोल्डर प्रॉब्लेममध्ये निदान बोटांची ताकद कामी येते. पाटीवर ताकदीचा उपयोग शून्य. टाच किती खाली, वजन कुठे, आणि हवा किती थंड, यावर सगळं. थंडीत रबर चांगला धरतो आणि बोटांना घाम येत नाही. म्हणून असल्या चढाया पहाटे आणि थंड ऋतूत करतात.

सह्याद्रीत चढणाऱ्याला हे वाचून थोडा हेवा वाटेल. योसेमिटीचा ग्रॅनाइट जमिनीच्या पोटात सावकाश थिजलेला, एकसंध, टणक. हिमनद्यांनी घासून काढलेला. त्यातली भेग शेकडो फूट सरळ जाते आणि तिच्यात मूठ रुतवून माणूस लटकू शकतो. आपला बेसाल्ट लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला. मधल्या थरांत मुरूम, माथ्याजवळ घसारा, पावसाळ्यानंतर गवत, आणि भक्कम दिसणारा होल्ड हातात येण्याची कायम धास्ती. म्हणून इथले प्रस्तरारोहक होल्डवर भार टाकण्याआधी तो ठोकून पाहतात. आवाज पोकळ आला की हात काढून घ्यायचा. होनोल्डने केलेल्या घोकंपट्टीला अर्थ आहे तो कातळ उद्याही तसाच राहणार आहे म्हणून.

आता परतीच्या दोराकडे. २०१६ च्या शरद ऋतूत चित्रीकरणाची जय्यत तयारी झाली होती. त्याआधी सरावात फ्रीब्लास्टवरच पडून होनोल्डचा घोटा मुरगळला होता. सूज पुरती उतरलेली नसतानाही तो एका पहाटे अंधारात, डोक्यावर दिवा लावून निघाला. काहीशे फूट चढून फ्रीब्लास्टच्या पाटीवर पोचला. पायावर विश्वास बसेना. आजूबाजूला दोरांवर मित्र कॅमेरे घेऊन लटकलेले, एवढ्या जणांची मेहनत, हंगाम संपत आलेला. आणि त्याने चढाई सोडली, खाली आला. त्या वर्षी पुन्हा प्रयत्न नाही. सिंहगडाचा वाक्प्रचार इथे उलटा वाचावा लागतो. या माणसाने परतीचा दोर कापला नाही, जपून ठेवला. पुढे जे जमलं ते त्या माघारीमुळे जमलं, असं चित्रपट पाहताना वाटत राहतं.

कॅमेऱ्याचा प्रश्न मात्र सोपा नव्हता. जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासारहेली हे दिग्दर्शक पती-पत्नी. चिन स्वतः पट्टीचा गिर्यारोहक. आपल्या गढवाल हिमालयातल्या मेरू शिखराचा 'शार्क्स फिन' हा कडा त्याने २०११ मध्ये कॉनराड अँकर आणि रेनान ओझटर्क यांच्यासह चढला आणि त्यावर २०१५ मध्ये 'मेरू' हा चित्रपट आला. त्यामुळे कडा आणि कॅमेरा एकत्र सांभाळणं त्याला नवं नव्हतं. नवं होतं ते हे: मित्र पडला, तर त्याचं मरण आपल्या फ्रेममध्ये येणार. आणि तो आपल्यामुळेच पडला असेल तर? कॅमेरा समोर आहे म्हणून एखादा माणूस जी पायरी एरवी टाकली नसती ती टाकतो. लेन्सचं झाकण हातून सुटलं तरी खालच्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून कॅमेरामन सगळे क्लाइंबरच घेतले. ते दोरांवर ठरलेल्या जागी, होनोल्डच्या वाटेपासून दूर लटकत. कधी चढणार हे त्याला कुणी विचारायचं नाही, असा अलिखित नियम होता. आणि बोल्डर प्रॉब्लेमजवळ माणूस ठेवलाच नाही. तिथे दुरून चालवायचे कॅमेरे बसवले. त्या जागी होनोल्डला एकटं असायचं होतं.

ही सगळी ओढाताण चित्रपटातच दिसते. चित्रकर्ते स्वतः पडद्यावर येतात, एकमेकांत वाद घालतात, अस्वस्थ होतात. काही समीक्षकांना ते आत्ममग्न वाटलं. ते चुकीचं आहे. शेफरची ती वळलेली पाठ काढून टाकली असती तर उरली असती ती नुसती देखणी साहसफीत.

चित्रपटाचा सर्वांत कच्चा दुवा मेंदूच्या तपासणीचा आहे. साउथ कॅरोलायनातल्या वैद्यकीय विद्यापीठात जेन जोसेफ या संशोधिकेने होनोल्डला एफएमआरआय यंत्रात झोपवलं आणि भयानक, किळसवाण्या चित्रांची मालिका दाखवली. मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या क्लाइंबरचा अमिग्डाला चित्रं पाहून उजळला. होनोल्डचा जवळजवळ थंड. प्रेक्षक सुटकेचा श्वास सोडतो: म्हणजे याचा मेंदूच वेगळा! पण एका माणसाच्या एका स्कॅनवरून तो असा जन्मला की वर्षानुवर्षांच्या सवयीने असा झाला, हे सांगता येत नाही. शिवाय यंत्रात झोपून पाहिलेलं चित्र आणि पायाखालचे दोन हजार फूट यांत फरक आहे. होनोल्ड स्वतः भीती नाही असं म्हणत नाही. एखादी जागा इतक्या वेळा करायची की भीतीला तिथे जागाच उरू नये, असं त्याचं सांगणं. त्याच्या पाठांतराकडे पाहता हे स्पष्टीकरण स्कॅनपेक्षा जास्त पटतं.

भीती त्याला गाठते याचा जुना पुरावाही आहे. २००८ मध्ये योसेमिटीतल्याच हाफ डोमची वायव्य भिंत त्याने बिनदोर चढली, तीही पुरेशी तालीम न करता. माथा जवळ आला असताना गुळगुळीत पाटीवर त्याचा पाय अडला. वर, दुसऱ्या बाजूच्या तारांच्या वाटेने आलेले पर्यटक फिरत होते. शेजारी, हाताच्या अंतरावर, कातळात ठोकलेल्या बोल्टला एक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची कडी, लोंबत होता. तो धरला की जीव सुरक्षित, पण चढाई 'सोलो' राहत नाही. कित्येक मिनिटं तो तिथे उभा राहून पायावर भार टाकायची हिंमत गोळा करत होता. शेवटी टाकला. वर पोचल्यावर त्या गर्दीत त्याच्याकडे कुणाचं फारसं लक्षही गेलं नाही. एल कॅपिटानची नऊ वर्षांनंतरची कडेकोट तालीम या काही मिनिटांतून आली असावी, असा अंदाज बांधायला हरकत नाही.

बिनदोर चढणारा तो काही पहिला नव्हे. ऑस्ट्रियाचा पॉल प्रॉयस शंभराहून अधिक वर्षांपूर्वी म्हणत होता की जिथून दोराविना उतरता येत नाही तिथे चढूच नये. १९१३ मध्ये एकट्याने चढताना पडून तो गेला, वय २७. १९८२ मध्ये फ्रान्सच्या पात्रिक एदलँजेवर निघालेल्या लघुपटाने युरोपातली एक अख्खी पिढी कड्यांकडे वळवली. योसेमिटीत जॉन बाखरने १९८१ मध्ये चिठ्ठी लावली होती: दिवसभर माझ्यामागे बिनदोर चढून दाखवा आणि दहा हजार डॉलर न्या. कुणी आलं नाही. बाखर २००९ मध्ये सोलो चढतानाच पडला. पीटर क्रॉफ्टने १९८७ मध्ये 'अॅस्ट्रोमन' ही योसेमिटीतलीच वाट बिनदोर चढली. तो 'फ्री सोलो'मध्ये वडीलधाऱ्यासारखा भेटतो. २०१४ मध्ये एका खाद्यपदार्थ कंपनीने होनोल्डसह पाच क्लाइंबरांचं प्रायोजकत्व काढून घेतलं. एवढा धोका आपल्या नावाशी जोडलेला नको, असं तिचं म्हणणं. चित्रपटाला पारितोषिकं मिळू लागल्यावर असे संकोच बाजारात फारसे उरले नाहीत.

दोर असला म्हणजे निर्धास्त, असंही नाही. चित्रपटात होनोल्डचा एक अपघात येतो. साध्या कड्यावर, त्याची मैत्रीण सॅनी मॅककँडलेस खालून दोर सोडत त्याला उतरवत होती. दोर अपुरा होता आणि टोकाला गाठ मारायची राहिली होती. टोक सरकन निसटलं, होनोल्ड दगडांवर आदळला आणि मणक्यांना इजा झाली. टोकाला गाठ हा बेसिक कोर्सच्या पहिल्या दिवशीचा धडा. तो विसरायला जगातला सर्वांत धीट क्लाइंबर असावं लागत नाही.

२०२१ मध्ये आलेला 'द अल्पिनिस्ट' हा माहितीपट 'फ्री सोलो'च्या शेजारी ठेवून पाहावा. त्यातला मार्क-आंद्रे लेक्लेर हा कॅनडाचा लाजरा, विस्कटलेल्या केसांचा पोरगा. बर्फ, कातळ, बर्फाळलेला कातळ, सगळ्यांवर एकटाच चढणारा. दिग्दर्शक पीटर मॉर्टिमर आणि निक रोझन त्याच्यामागे कॅमेरे घेऊन धावतात आणि तो फोनही न बाळगता नाहीसा होतो. रॉबसन शिखराचा अवघड कडा त्याने एकट्याने चढल्याची बातमी त्यांना मागाहून कळते. कुणी सोबत असेल तर ती एकट्याची चढाई कशी, हे त्याचं साधं उत्तर. होनोल्डने कॅमेऱ्याला कड्यावर जागा नेमून दिली. लेक्लेरने जागाच दिली नाही. मार्च २०१८ मध्ये अलास्कात रायन जॉन्सनसोबत एक नवी वाट चढून उतरताना दोघं बेपत्ता झाले. लेक्लेर २५ वर्षांचा होता. या वेळी तो एकटा नव्हता आणि दोर घेऊनच गेला होता. शोधपथकाला बर्फाच्या भेगेत दिसले ते दोर. देह मिळाले नाहीत.

पुन्हा ३ जून २०१७ च्या सकाळी, एल कॅपिटानवर. लेक्लेरचा अपघात तेव्हा अजून घडलेला नव्हता. होनोल्ड फ्रीब्लास्ट सहज ओलांडून गेला. मध्ये एका जागी रात्रभर मुक्काम केलेल्या क्लाइंबरांची तुकडी जागी होत होती. त्यातल्या एकाने चक्क युनिकॉर्नचा पोशाख घातलेला. शेजारून दोर नसलेला एक माणूस गेला, दोन शब्द झाले, आणि तो वर निघून गेला. इतक्या तणावाच्या चित्रपटात हा प्रसंग लेखकाने लिहिला असता तर कुणी खपवून घेतला नसता. बोल्डर प्रॉब्लेमवर अंगठ्यांची अदलाबदल झाली, पाय पलीकडे टेकला, आणि होनोल्डने दुरून पाहणाऱ्या कॅमेऱ्याकडे वळून हसून दाखवलं. माथ्यावर पोचल्यावर स्वारी बेहद्द खूश होती, पण त्या दिवशीचा बोटांचा व्यायाम राहिला आहे, याचीही तिला आठवण होती.

२०१९ मध्ये 'फ्री सोलो'ला सर्वोत्कृष्ट माहितीपटाचं ऑस्कर आणि बाफ्टा, दोन्ही मिळाले. होनोल्डच्या आईला मात्र या चढाईची खबर आधी नव्हती. झाल्यावरच कळली. डिअड्रा वोलोनिक या फ्रेंच शिकवणाऱ्या बाई, चढायला लागल्या त्याच मुळी साठीच्या उंबरठ्यावर. २०१७ च्याच शरदात, वयाच्या ६६व्या वर्षी, त्याही एल कॅपिटानवर गेल्या, अर्थात दुसऱ्या वाटेने. पुढे चढून मुलगा दोर लावत होता, आणि खालून आई त्या दोरावर ज्युमार, म्हणजे दोराला धरून ठेवणारी पकड, सरकवत एकेक फूट वर येत होती.